दारातलं लॉन, वस्तीचा बोअर आणि बांधावरची रतोलिया



आजची नोंद डाळिंबाची नाही, कांद्याची पण नाही. आज गवतावर बोलायचंय. शेतात उगवतं त्या नाही, दारात लावतो त्या.

गेल्या काही वर्षांत आपल्या माणदेशी पट्ट्यात एक नवी हौस आलीय. नवा बंगला बांधला की पुढं लॉन. फार्महाऊस झालं की लॉन. मंगल कार्यालय तर लॉनशिवाय कुणी बुकच करत नाही. लॉन म्हणजे काय, तर बऱ्याच ठिकाणी हरळीचीच सुधारलेली जात. नर्सरीवाला तिला ‘सिलेक्शन’ म्हणतो. आपण रानात हरळी खणायला रोजानं माणसं लावतो, काशा वेचून वेचून बांधावर जाळतो, आणि दारात तिच्याच बहिणीला पैसे देऊन बसवतो, वरनं रोज पाणी पाजतो. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या मुलखात हे चाललंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वाचायचं नाही त्यांचा वेळ वाचेल. आपल्या पट्ट्यात हिरवळीचं लॉन बंद झालं पाहिजे. दारात जमीन झाकायचीच असेल तर आपल्याच ओढ्याकाठची, बांधावरची रतोलिया लावा. आणि तीसुद्धा मापात.

आता हिशेब.

एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात लॉन हिरवंगार ठेवायचं तर दिवसाला पाच मिलिमीटर पाणी लागतंच, एप्रिल-मेच्या झळांत त्याहून जास्त. आपण कमीत कमी पाचच धरू. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याला रोज ५०५ लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी द्यायचं असं सरकारनं ठरवलंय. म्हणजे एका गुंठ्याचं लॉन रोज नऊ माणसांचं पाणी पितं.

मंगल कार्यालयाचं लॉन एक गुंठ्याचं नसतं. दहा गुंठे धरा. रोज ५,०५० लिटर. मार्च, एप्रिल, मे असे ९२ दिवस. एकूण झालं साडेचार लाखांच्या वर, म्हणजे दहा हजार लिटरचे सेहेचाळीस टँकर. लग्नाच्या सीझनला तेवढं पाणी जमिनीत ओततो, आणि ते हवेत जातं. त्यातनं दाणा नाही, चारा नाही, फूल नाही. फोटो मात्र येतो चांगला.

हे पाणी कुठनं येतं? बोअरमधनं. आमच्या शेजारच्या एका वस्तीवर काय झालं ते सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, कारण असं फक्त तिथंच झालंय असं नाही. वस्तीचा हातपंप, त्याच्यावर पुढं मोटर बसवलेली, तीस-बत्तीस घरं त्याच पाण्यावर. दोन शेतं पलीकडं कार्यालय झालं आणि त्यांनी खोल बोअर मारला. पहिल्या उन्हाळ्यात वस्तीच्या बोअरचं पाणी एप्रिलअखेरीस तुटलं. दुसऱ्या उन्हाळ्यात मार्चमध्येच. दुष्काळ होता हे खरं, नुसत्या लॉनमुळं बोअर आटला असं छातीठोक मी म्हणणार नाही. पण वस्तीवरच्या वहिनी डोक्यावर हंडा घेऊन ज्या रस्त्यानं जायच्या, त्याच्याच कडेला फवारे गरगर फिरत होते. एका म्हातारीनं मला विचारलं, “आरं बाबा, ही गवात कुनाच्या गुरांसाठी हाय?” मी म्हटलं, “मावशे, गुरांसाठी न्हाई, फोटूसाठी हाय.” ती हसली नाही.

कायदा आहे का? आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरी-बोअरपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर घ्यायला बंदी, हे महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्यापासून आहे. पण कायदा बोअरवर बोलतो. बोअरच्या पाण्यावर काय वाढवायचं, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. ते ठरवायची अक्कल आपली आपल्यालाच वापरावी लागेल.

२०१६ चा उन्हाळा आठवतो का? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महिनाअखेरीनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. मुद्दा एकच होता, लोकांना प्यायला नाही आणि मैदानाला पाणी कसं? तेव्हा गावागावात पारावर बसून आपण न्यायालयाचं कौतुक केलं होतं. मैदान मुंबई-पुण्याचं होतं म्हणून ते सोपं गेलं. आता मैदान आपल्या दारात आलंय.

बरं, टीका पुष्कळ झाली. मग लावायचं काय? उघडी जमीन ठेवली तर धुरळा घरात येतो, पावसाळ्यात चिखल होतो, गाजरगवत माजतं. पेव्हर ब्लॉक घातले तर अंगण तव्यासारखं तापतं आणि पाणी मुरत नाही. माणसाला दारात थोडं हिरवं पाहिजे, त्यात चूक काही नाही.

त्यासाठी रतोलिया. काही जण जलपिंपळी म्हणतात. शास्त्रीय नाव फायला नोडिफ्लोरा. तुम्ही ती हजारदा तुडवली असेल. पाझर तलावाच्या काठाला, कॅनॉलच्या कडेला, ओढ्यात, जिथं पाणी येतं आणि जातं अशा जागी जमिनीला चिकटून पसरलेली असते. ओळख अशी: पानं समोरासमोर, देठाकडं निमुळती, टोकाकडं रुंद, आणि टोकाच्याच भागाला करवतीसारखे दाते. पानाच्या बगलेतनं एक सरळ दांडी वर येते आणि तिच्या टोकाला काडेपेटीच्या काडीच्या गुलासारखं बारकं बोंड. त्या बोंडाभोवती पांढऱ्या-जांभळट फुलांचं कडं. नीट बघितलं तर घाणेरीच्या फुलाचं पिल्लू वाटतं. खरंच आहे ते, दोघींचं कूळ एकच. पण घाणेरी बाहेरनं आली आणि डोंगर गिळून बसली, ही इथलीच आहे आणि जमिनीलगत राहते.

तिचे गुण सांगतो. बहुवर्षायू आहे, एकदा लावली की दरवर्षी लावायची भानगड नाही. प्रत्येक पेराला मुळं फुटतात, त्यामुळं माती धरून ठेवते. उंची वीतभराच्या आतच, तुडवली तर आणखी बुटकी. कापायचं मशीन लागत नाही. युरिया लागत नाही. खारवट जमीन आणि सांडपाणी बऱ्यापैकी सोसते. उन्हात चालते, किंबहुना उन्हातच चालते. दाट आंब्याखाली, चिंचेखाली लावाल तर विरळ होईल.

आणि फुलं. उन्हाळ्यात रानात मधमाशीला फारसं काही नसतं, तेव्हा थोड्या पाण्यावर हिची फुलं चालू असतात. सकाळी नऊ-दहाला माझ्या अंगणात सातेरी आणि फुलोरी दोन्ही माशा असतात. मयूर भिरभिरी नावाचं फुलपाखरू आहे, पंखावर मोराच्या डोळ्यासारखे ठिपके असलेलं, त्याच्या अळ्या ज्या झाडांवर वाढतात त्यांत हीसुद्धा आहे. डाळिंबवाल्यांनो, कांद्याचं बी धरणाऱ्यांनो, माशीचं महत्त्व तुम्हाला मी सांगायला नको. फुलाच्या टायमाला पेट्या भाड्यानं आणून ठेवतो आपण. माशीला बाकी वर्षभर खायला काय, हा विचार कुणी करायचा?

जपानमध्ये याच झाडातनं निवडून ‘कुरापिया’ नावाची जात काढलीय आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या भागात लॉनच्या जागी ती लावतात. आपल्या ओढ्यातलं झाड लोक तिकडं पैसे देऊन घेतात, आणि आपण ते खुरपून फेकून गवताचे गालिचे ट्रकनं आणतो.

आता पाण्याचं खरं बोलतो, कारण ‘पाण्याशिवाय हिरवळ’ अशा जाहिराती मोबाईलवर दिसायला लागल्यात. पाण्याशिवाय काही हिरवं राहत नाही. रतोलिया मूळची पाणथळ काठाची. पण काठाचं पाणी आटल्यावर तग धरायची सवय तिला आहे, तिची ताकद तिथं आहे. मी उन्हाळ्यात आठ दिवसांतनं एकदा चौरस मीटरला साधारण पंधरा लिटर देतो. म्हणजे गुंठ्याला आठ दिवसांत दीड हजार लिटर. लॉनला त्याच आठ दिवसांत चार हजार लागले असते. निम्म्याहून कमी. ती लॉनसारखी पोपटी दिसत नाही, जरा करडी-हिरवी दिसते. पाणी पूर्ण तोडलं तर मे महिन्यात वरनं वाळते, तपकिरी होते, उघडी दिसते. पावसाच्या दोन सरी झाल्या की पेरातनं परत फुटते. काळ्या भेगाळ जमिनीत भेगांच्या कडेनं आधी वाळते, मुरमाड जमिनीवर माती अगदीच पातळ असेल तर टिकत नाही. तिथं विष्णुक्रांत बघा, निळ्या बारीक फुलांची, माळावर आपोआप उगवणारी. ती दाट गालिचा करत नाही, पण माळाला शोभते.

एक उपाय सगळ्यांना जमण्यासारखा आहे. मोरीचं पाणी. पाच माणसांच्या घरात अंघोळीचं, कपड्याचं मिळून रोज दीडशे लिटर तरी निघतं आणि बऱ्याच ठिकाणी ते रस्त्यावर डबकं करतं. दीडशे लिटरवर पाऊण गुंठा रतोलिया आरामात निघते. बोअरचा एक थेंब लागत नाही. साबणाचा सोडा तिला इतरांपेक्षा कमी बाधतो, तरी एकाच जागी रोज सोडू नका, पाईप फिरवत राहा.

लावायची पद्धत थोडक्यात.

१. पहिलं काम तण काढायचं. लव्हाळा आणि हरळी राहिली तर ती रतोलियातनं वर येणार आणि नंतर वेगळी काढता येणार नाही. उन्हाळ्यात खणून गाठी-काशा वेचा. हे टाळलं तर पुढचं वाचू नका.

२. बी शोधत बसू नका. ओढ्याकाठनं मुळ्या फुटलेल्या कांड्या आणा, वीतभर लांबीच्या, तीन-चार पेरं असलेल्या. एकाच जागेवरचं सगळं उपटू नका, काठ उघडा पडेल.

३. फुटाफुटावर लावा. गुंठ्याला हजार-अकराशे कांड्या लागतात. दोन पेरं मातीत, टोक वर.

४. वेळ आपल्याकडं मृगाची नाही. आपला भरवशाचा पाऊस पूर्वा-उत्तरा-हस्ताचा. सप्टेंबरच्या ओलीत लावली की थंडीच्या आत धरते. जिथं जूनचा पाऊस भरवशाचा आहे तिथं जूनमध्ये लावा.

५. पहिले दीड-दोन महिने ओल तुटू देऊ नका. दुष्काळ सोसते ती मुळावलेली वेल. कोवळी कांडी कुठल्याच झाडाची सोसत नाही.

६. लहान पोरं अनवाणी खेळत असतील तर फुलांच्या दिवसांत तेवढा भाग विळ्यानं वरवर छाटा. फुलावर माशी असते, पाय पडला तर चावणारच. त्यात तिचा दोष नाही.

आता एक धोक्याची गोष्ट. नर्सरीत रतोलिया मागाल तर बऱ्याच जणांना माहीतच नसते, आणि तुमच्या हातात दुसरी एक वेल देतील. चकचकीत हिरवी पानं, पिवळी सूर्यफुलासारखी बारकी फुलं, झपाट्यानं पसरते, पाणी कमी लागतं, फुकटसुद्धा देतील. ती वेडेलिया. रस्त्याच्या दुभाजकात भरपूर लावलीय. ती घेऊ नका. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर परक्या आक्रमक जातींची एक यादी आहे, तिच्यात घाणेरी आहे आणि ही वेडेलियापण आहे. छाटलेला तुकडा ओढ्यात टाकला की तिथं रुजतो आणि काठावरचं बाकी सगळं दाबून टाकतो. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलं तेव्हा तेही दोन-चार झाडंच होती. पुढचं सांगायला नको, आपल्यातल्या निम्म्यांच्या अंगाला त्याची खाज आहे.

“मग रतोलिया नाही का पसरत?” असा प्रश्न येणार, आणि तो बरोबर आहे. पसरते. म्हणूनच ती जमीन झाकते. तिची सख्खी बहीण म्हणावी अशी दक्षिण अमेरिकेतली एक जात ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानात गेली आणि तिथली कुरणं तिनं खाऊन टाकली. तिथं ती परकी होती. आपल्याकडची इथलीच आहे, तिला इथली कीड आहे, इथलं गवत तिच्याशी भांडतं. तरीपण उसाच्या पाटात, भाताच्या खाचरात ती तण आहे, हे मी मान्य करतो. अंगण आणि पाटाचं रान यात दोन फूट फरशी किंवा पायवाट ठेवा. परदेशातली जात ऑनलाईन मागवू नका. जवळच्या ओढ्यातलीच घ्या. चारा म्हणून मात्र तिच्याकडं बघू नका, ते तिचं काम नाही.

दोन आक्षेप नेहमी येतात, त्यांना उत्तर देतो.

पहिला: “उसाला हेक्टरी दोन कोटी लिटर पाणी जातं, त्यावर बोला की. गुंठाभर लॉनच्या मागं का लागलाय?” बोलतो, उसावर पण बोलतो, या पेजवर बोललोय आणि शिव्या खाल्ल्यात. पण उसाच्या पाण्यातनं कुणाच्या पोरीची फी भरली जाते, सोसायटीचं कर्ज फिटतं. तो पोटाचा प्रश्न आहे, सोडवायला अवघड आहे. लॉन सोडायला काय अवघड आहे? जी गोष्ट उद्या सकाळी सोडता येते, ती आधी सोडावी. अवघड गोष्ट शिल्लक आहे म्हणून सोपी करायची नाही, हा कुठला न्याय?

दुसरा: “आम्ही विकतच्या टँकरचं पाणी घालतो, गावाचं नाही.” टँकर काय ढगातनं भरतो? तोही कुणाच्या तरी विहिरीतनं भरतो, आणि जमिनीखाली सात-बारा नसतो. पैसे देणाऱ्याला पाणी मिळतं, हे खरं. पण ज्या आठवड्यात वस्तीवर टँकरची वाट बघतात, त्याच आठवड्यात कार्यालयाला टँकर वेळेवर येतो, कारण तिथं दर जास्त मिळतो. हे मी बघितलंय, तुम्ही पण बघितलं असेल.

आणि आता माझ्याच बाजूच्या लोकांना एक गोष्ट. दहा गुंठे लॉन काढून दहा गुंठे रतोलिया लावली म्हणजे पुण्य झालं असं समजू नका. तिला पण तीन महिन्यांत सतराएक टँकर लागतील. सेहेचाळीसपेक्षा सतरा बरे, पण सतरा म्हणजे शून्य नाही. माझं म्हणणं असं, की दाराजवळचं पाऊण गुंठा मोरीच्या पाण्यावर हिरवं ठेवा. बाकीची रतोलिया उन्हाळ्यात वाळू द्या. वाळलेली असली तरी ती माती धरून असते, धुरळा उडू देत नाही. उन्हाळ्यात आपला मुलूख तपकिरीच असतो. आपल्या माळाचा रंग तोच आहे, आपल्या लहानपणी अंगणाचाही तोच होता, शेणानं सारवलेला. मे महिन्यात माणदेशात हिरवंगार दिसलंच पाहिजे ही अपेक्षा आपली नव्हती. ती मोबाईलवरच्या फोटोंतनं आली. लग्नातल्या पाहुण्याला सावली लागते, पाणी लागतं, बसायला जागा लागते. पायाखाली गालिचा हिरवाच पाहिजे असं कुठल्या वऱ्हाड्यानं अजून तरी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

कार्यालयवाल्यांशी आमचं भांडण नाही, त्यांचाही धंदा आहे, त्यातल्या दोघा-तिघांशी माझं रोजचं बोलणं आहे. त्यांना सांगणं एवढंच: स्टेजसमोरची दोन गुंठ्यांची पट्टी रतोलियाची करा, बाकी ठिकाणी लिंब, करंज लावा, खाली मुरूम दाबून घ्या. छपराचं पावसाचं पाणी त्याच बोअरमध्ये गाळून सोडा. उपसता तेवढं नाही तरी काही तरी परत द्या. आणि ग्रामपंचायतीनं नव्या बांधकामाचा ना-हरकत दाखला देताना एक ओळ विचारावी: दारात काय लावणार, आणि त्याला पाणी कुठलं? ग्रामसभेत हा विषय कुणी तरी काढला पाहिजे. आमच्याकडं मी काढणार आहे. तुमच्याकडं तुम्ही काढा.

पटलं नसेल तर कमेंटमध्ये भांडा, पण लिटरच्या हिशेबानं भांडा. आणि तुमच्या भागात रतोलियाला काय म्हणतात ते सांगा, काठावरचा एखादा फोटो टाका. ज्यांना कांड्या पाहिजेत त्यांनी आमच्या शिवारात येऊन खुशाल न्याव्यात. पैसे नकोत. सप्टेंबरात या, पाऊस झाल्यावर.